वॉरिकशायरमधील शेतजमीन



इंग्लंडांत स्थायिक झालेल्या आपल्या लोकांपैकीं कोणाला, शहरांतील घराचें कर्ज फिटत आलें म्हणजे, एखाद्या परगण्यांत चार एकर जमीन असावी अशी इच्छा होते. एकर तोच, आपल्या ४० गुंठ्यांचा. महाराष्ट्रांत १९४८ च्या कूळकायद्यान्वयें शेतकरी नसलेल्या माणसास परवानगीवांचून सामान्यतः शेतजमीन घेतां येत नाहीं. इंग्लंडांत तसा निर्बंध नाहीं. डॉक्टर असो कीं दुकानदार, दाम मोजील त्याची जमीन.

मात्र त्या जमिनीवर घर बांधण्याचा हक्क खरेदीबरोबर मिळत नाहीं. १९४७ च्या नगररचना कायद्यानें (त्याचा अंमल १ जुलै १९४८ पासून सुरू झाला) तो हक्क मालकीपासून वेगळा काढला. नांगरावें, पेरावें, मेंढ्या चाराव्या, त्याला कोणी विचारीत नाहीं. घरासाठीं मात्र स्थानिक कौन्सिलची अनुज्ञा हवी. अनुज्ञा मिळालेल्या शेताची किंमत कित्येक पटींनीं चढते. याचाच फायदा घेऊन कांहीं धूर्त लोक एक शेत घेतात, त्याच्या चिंचोळ्या पट्ट्या पाडतात आणि 'आज ना उद्यां येथें वस्ती होईल' या आशेवर त्या विकतात. अनुज्ञापत्र प्रत्यक्ष दाखविल्यावांचून अशी पट्टी घेऊं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. शेतांतून सार्वजनिक पायवाट जात असेल तर तीही मालकाला बंद करतां येत नाहीं. परगण्याच्या अधिकृत नकाशावर ती आधींच पाहून घ्यावी.

परंतु खरा धडकी भरविणारा प्रकार वॉरिकशायरमधील अ‍ॅस्टन कँटलो या खेड्यांत घडला. शेक्सपिअरची आई याच पॅरिशमधली. तेथील जुन्या चर्चचा पूर्वेकडील भाग, ज्याला आपण आपल्या भाषेंत गाभारा म्हणूं, दुरुस्तीस आला. मध्ययुगीन वहिवाटीप्रमाणें त्या भागाची दुरुस्ती धान्याचा दशमांश घेणाऱ्या रेक्टरनें करावयाची. पुढें १७४३ मध्यें तेथील शेतांची वांटणी झाली, तेव्हां दशमांशाच्या मोबदल्यांत कांहीं जमीन रेक्टरला देण्यांत आली, आणि दुरुस्तीचा बोजा त्या जमिनीला चिकटला. अडीचशें वर्षांनीं ती जमीन एका शेतकरी दांपत्याकडे होती. १९९० च्या दशकांत चर्चनें त्यांच्याकडे सुमारें ९५ हजार पौंड मागितले. त्यांनीं नाकारलें. तंटा हाउस ऑफ लॉर्ड्‌सपर्यंत गेला आणि २००३ मध्यें निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. २००७ मध्यें दुरुस्तीची रक्कमच १ लाख ८६ हजार पौंडांवर ठरली. न्यायालयाचा खर्च निराळाच.

या निकालानें सारे वकील सावध झाले. १३ ऑक्टोबर २०१३ नंतर नियम पालटला. तेव्हांपासून जमिनीच्या सरकारी नोंदवहींत या बोजाची नोंद नसेल, तर नोंदलेली जमीन मोल देऊन घेणारा खरेदीदार सामान्यतः मोकळा राहतो. बक्षिसानें वा वारशानें जमीन ज्याच्याकडे येते, त्याला मात्र हें संरक्षण मिळत नाहीं. म्हणून त्या तारखेनंतर ती एकदां तरी विकली गेली आहे काय, हें विक्रेत्यास अवश्य विचारावें.

नोंदवही १९९० पासून कोणालाही पाहतां येते. ठराविक फी भरली कीं उतारा मिळतो. तो आपल्या सातबाराचा दूरचा भाऊ म्हणावा, फक्त पिकांचा रकाना त्यांत नाहीं. पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्याकडे राहिलेली कांहीं जमीन अद्याप नोंदलेलीच नाहीं. तेथें जुने दस्त वाचणारा वकील लागतो, आणि त्याच्या फीसाठीं कुरकूर करूं नये.

तोंडी सौदा ठरला तरी तेथें तो कोणासही बांधीत नाहीं. करारपत्रांची अदलाबदल होईपर्यंत विक्रेता जास्त भावाच्या गिऱ्हाइकाकडे खुशाल वळतो, आणि आपणही माघार घेऊं शकतों. अदलाबदलीच्या दिवशीं बहुधा किमतीचा दहावा हिस्सा अनामत द्यावा लागतो. त्यानंतर माघार घेतल्यास तो हिस्सा सहसा परत मिळत नाहीं.