एका अक्षराची दुरुस्ती



नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर या जिल्ह्यांतील आश्रमशाळांच्या शिक्षकांना सिकलसेल हा शब्द नवा नाही. हातपाय दुखतात म्हणून वारंवार घरी राहणारे मूल शाळा चुकविणारे ठरते. वस्तुतः त्याच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकत असतात. या यातनांचे मूळ एका अक्षरात आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात एका ठिकाणी ‘ए’ऐवजी ‘टी’ आले, की सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसते. साखळीतील हा बदल व्हर्नन इंग्राम यांनी १९५७ साली दाखवून दिला.

मग ते एकच अक्षर पेशीत जाऊन बदलता येणार नाही काय? त्यासाठी प्रयोगशाळेत डीएनएचा आखूड तुकडा, म्हणजे ऑलिगोन्यूक्लिओटाइड, तयार करावयाचा. तो मूळ जनुकाशी तंतोतंत जुळतो. फक्त चुकीच्या जागी बरोबर अक्षर असते. पेशीत तो आपल्या जोडीच्या जागी चिकटला, की तेथील विजोड अक्षर पेशीच्या दुरुस्तियंत्रणेच्या लक्षात येते आणि तुकड्याबरहुकूम चूक सुधारली जाऊ शकते. १९९६ साली फिलाडेल्फिया येथील संशोधकांनी डीएनए व आरएनए यांच्या मिश्र तुकड्याने सिकलसेलचे जनुक मानवी पेशींत दुरुस्त केल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा मोठी आशा निर्माण झाली. परंतु अन्य प्रयोगशाळांच्या हाती तसे यश लागले नाही. २०१२ नंतर क्रिस्पर ही जनुक-कात्री आली. चुकीजवळ छेद दिला, की पेशीस तो सांधावाच लागतो आणि शेजारी शुद्ध तुकडा असल्यास तसा सांधा जुळण्याचा संभव पुष्कळच वाढतो. तरीही अनेक पेशी तुटलेली टोके कशीबशी जोडून मोकळ्या होतात!

२०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळालेली कॅसगेवी ही उपचारपद्धती मूळ चूक दुरुस्त करीतच नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. ती दुसऱ्याच ठिकाणी छेद देऊन गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करते. अमेरिकेत तिची किंमत २२ लाख डॉलर ठरली. शिवाय रुग्णाची अस्थिमज्जा आधी तीव्र औषधांनी रिकामी करावी लागते.

तोवर हाताशी आहे ती रक्ततपासणी. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारात एक असतो. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हे पंचायत सदस्यांनी विवाह जुळविणाऱ्या घरांत समजावून द्यावयास हवे. हे उपचार रक्तपेशींपुरतेच असून बीजपेशींतील जनुक तसेच राहते. त्यामुळे उद्या एखादा रुग्ण बरा झाला, तरी विवाहापूर्वी जोडीदाराची तपासणी करावीच लागेल.