मोरी आणि माशांची वाट



रस्ता झाला की गावाचे दैन्य थोडे सरते, हे आम्हांस मान्य आहे. रस्त्याच्या कामावर पोट भरणाऱ्यांची संघटना बांधण्यातच आमचे आयुष्य गेले. तेव्हा रस्त्याविरुद्ध बोलण्यास आम्ही उभे नाही. आमचे म्हणणे आहे ते रस्ता ओढा ओलांडतो त्या दहा-वीस हात जागेपुरते.

कोकणात पहिला जोराचा पाऊस झाला की मासे प्रवाहाच्या उलट चढू लागतात. वहाळांतून वर जाऊन ते उथळ पाण्यात, भातखाचरांत अंडी घालतात. कोठे याला वलगण म्हणतात, कोठे चढणीचे मासे. आता या वाटेत अरुंद नळाची मोरी आली की काय होते? रुंद ओढ्याचे पाणी नळात कोंबले की त्याचा वेग वाढतो. तो वेग पुढची वाळू-खडी खरवडून नेतो आणि काही पावसाळ्यांनी नळाचे तोंड अधांतरी राहते. लहान माशाला तेवढी पायरीसुद्धा चढवत नाही. वरचा सगळा ओढा त्याला बंद होतो.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याचे उदाहरण घ्या. तेथील आदिवासी जमातींनी १८५४-५५ च्या तहांत आपल्या जमिनी दिल्या आणि मासेमारीचा हक्क राखून ठेवला. पुढे रस्त्यांच्या मोऱ्यांनी सॅमन माशांच्या वाटा अडवल्या. २००१ मध्ये २१ जमाती न्यायालयात गेल्या. मासेच येऊ दिले नाहीत तर मासेमारीच्या हक्काला अर्थ काय, असा त्यांचा सवाल होता. २०१३ मध्ये मोऱ्या दुरुस्त करण्याचा हुकूम झाला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्तींची मते चार विरुद्ध चार अशी पडली आणि हुकूम कायम राहिला. कराराची अक्षरे शाबूत ठेवून त्यातला जीव काढून घेण्याची ही युक्ती कामगारांना नवी नाही!

उपाय अवघड नाहीत. मोरीचे तोंड ओढ्याच्या पात्राहून थोडे रुंद असावे. नळ घालायचाच तर त्याचा तळ पात्राखाली पुरावा, म्हणजे आत वाळू-गोटे साचून ओढ्याचा तळ अखंड राहतो. शक्य तेथे तळ मोकळा सोडून पूलच बांधावा. काम चालू असता पाणी बाजूने वळवावे. खोदलेली माती काठावर ढीग करून ठेवू नये, कारण गाळ अंड्यांवर बसला की ती गुदमरतात. सिमेंटची भांडी ओढ्यात धुऊ नयेत. ते पाणी माशांना मारक असते. तात्पुरता भराव पावसापूर्वी पुरता काढावा आणि काठावर निर्गुडी, करंज लावावेत.

खर्च वाढेल, असे कोणी म्हणेल. सुरुवातीस वाढतो खरा. परंतु अरुंद मोरी पुरात ओंडक्यांनी तुंबते, पाणी रस्त्यावरून जाते आणि भराव वाहून जातो. तो खर्च कोणाच्या हिशेबात धरायचा?

यात मजुराचेही हित आहे. कामाचा हुकूम उशिरा निघाला की घाई सारी मे-जूनवर येते. मग चिखलात राबायचे मजुराने, आणि गाळ खायचा ओढ्याने. कामे दिवाळीनंतर लगेच सुरू करा, ही मागणी दोघांचीही आहे.

म्हणून आमची विनंती एवढीच: आपल्या गावी मोरी मंजूर झाली की ग्रामसभेत नकाशा मागा, ओढ्याची रुंदी दोरीने मोजा आणि मोरीच्या रुंदीशी ताडून पाहा. आकडे जुळले नाहीत तर काम सुरू होण्याआधीच लेखी हरकत घ्या.