रणांगण विणणारे हात
(देवळा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कांद्या-डाळिंबाच्या या गावात फ्रान्सच्या राजवाड्यातील भिंतीवरच्या पडद्यांविषयी बोलायला मी उभा राहिलो, याचे काहींना हसू येईल. येऊ द्या. मात्र माझे बोलणे संपेपर्यंत आपण येवल्यात पोहोचलेलो असू, एवढा शब्द मी देतो.

या पडद्यांना युरोपात टॅपेस्ट्री म्हणतात. ‘पट’ म्हणजे वस्त्र, तेव्हा ‘चित्रपट’ हा त्यांच्यासाठी किती नेमका शब्द होता! पण तो सिनेमाने पळविला. आपण त्यांना विणीव चित्रे म्हणू. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा मंत्री कोलबेअर याने १६६२ साली पॅरिसमधील गोबलँ येथे राजाच्या मालकीचा कारखाना उभा केला आणि त्याची सूत्रे चित्रकार ल ब्रँ याच्या हाती दिली. ल ब्रँने शिकंदराच्या पराक्रमाची प्रचंड चित्रे रंगविली: ग्रॅनिकस नदीवरची लढाई, आर्बेलाचा संग्राम आणि शेवटी, १६७३ साली, आपल्या झेलमकाठचा पोरस. इसवी सनापूर्वी ३२६ साली झालेल्या त्या लढाईनंतर जखमी पोरसला उचलून शिकंदरासमोर आणले आहे, असे ते दृश्य आहे. कॅनव्हासची लांबी बारा मीटरांहून अधिक. आज तो लूव्र संग्रहालयात आहे. याच चित्रांवरून गोबलँच्या मागांवर लोकर, रेशीम आणि सोन्याची जर वापरून पडदे विणले गेले. शिकंदराकडे पाहताना बघणाऱ्याने लुईला आठवावे, हा त्यामागचा हेतू. असे पडदे परदेशच्या दरबारांना नजराणा म्हणूनही जात.

आता विणीकडे वळू, कारण खरी गोष्ट तेथे आहे. साध्या कापडात धोटा या काठापासून त्या काठापर्यंत जातो. या विणीत तसे नाही. घोड्याच्या मानेचा तपकिरी धागा मानेपुरताच जातो आणि तेथूनच मागे वळतो; शेजारच्या ढालीचा धागा ढालीपुरता. प्रत्येक रंगाची कांडी वेगळी, आणि ताणा बाण्याखाली पूर्ण झाकलेला. उभ्या मागावरचा कारागीर पडद्याच्या मागल्या बाजूला बसतो आणि पुढे काय उमटले ते आरशात पाहतो. एका विणकराच्या हातून वर्षभरात जेमतेम चौरस मीटरभर काम होते. आता पैठणीचा पदर आठवा. जरीच्या जमिनीवरचा मोर, मुनिया, आसावली यांतही रंगाचा धागा आपल्या आकृतीपुरताच जातो आणि वळतो. वीण तीच! फरक एवढाच, की युरोपीय पडद्यात दोन रंगांच्या सीमेवर बारीक फट राहते आणि ती नंतर सुईने शिवावी लागते. आपला विणकर प्रत्येक ओळीत दोन धागे एकमेकांत अडकवतो, म्हणून फटही नाही आणि उलटी बाजूही सुलटीसारखीच दिसते. या बाबतीत येवला गोबलँपेक्षा एक पाऊल पुढे आहे, हे मी अभिमानाने नव्हे, हिशेबाने सांगतो.

मग हिशेबाचीच गोष्ट करू. गोबलँमध्ये काम तुकड्यावर मोजले जाई. चेहऱ्याच्या विणीला अधिक दर, झाडापानांच्या विणीला कमी. पडद्याच्या काठात कधी कार्यशाळेच्या प्रमुखाचे नाव विणलेले आढळते. ज्याने पोरसची जखम विणली त्याचे नाव बहुधा कोठेच नसते. पुढे लुईच्या युद्धांनी खजिना रिता केला आणि १६९४ साली कारखाना बंद पडला. तो १६९९ पर्यंत उघडला नाही. विणकरांपैकी काही फ्लँडर्सला परतले, काही चक्क फौजेत भरती झाले! युद्धाची चित्रे विणणाऱ्यांना युद्धानेच मागावरून उठविले. राज्यक्रांतीच्या काळात तेथील कामगारांनी तुकड्याचा दर मोडून ठरावीक वेतन मिळविले. त्याच क्रांतीच्या उत्तरार्धातील सरकारने १७९७ साली जरीचे जुने पडदे जाळून त्यांतील सोने-रुपे गाळले, हेही लपविण्याचे कारण नाही. आपल्याकडेही जुनी पैठणी जरीच्या वजनावर विकली जाते आणि जाळली जाते. त्या भट्टीत रुप्याचे वजन होते. चार-सहा महिन्यांच्या मजुरीचे होत नाही.

आज गोबलँ सुरू आहे आणि तेथील विणकर सरकारचे पगारी नोकर आहेत. आपल्या जिल्ह्यात काय आहे? येवल्याला रघोजी नाईकांनी विणकर आणून वसविले, असे परंपरा सांगते. पेशव्यांचा आश्रय गेला, संस्थाने गेली, व्यापारी राहिला. रेशीम बंगळूरचे, जर सुरतेची, भांडवल पेढीवाल्याचे आणि विणकराच्या वाट्याला तुकड्याची मजुरी, ही व्यवस्था पुष्कळ घरांत अजून चालते. १९८५ साली हातमागासाठी राखीव वस्तूंचा कायदा झाला. बावीस वस्तू होत्या, १९९६ मध्ये अकरा उरल्या. साडी त्यांत आहे, तरी यंत्रमागावरची ‘पैठणी’ राजरोस विकली जाते. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नावाचे रक्षण झाले. विणकराच्या रोजाविषयी त्या कागदात अवाक्षर नाही. २०२० साली केंद्राने अखिल भारतीय हातमाग मंडळच मोडीत काढले आणि त्यावर कोठे साधी निषेधसभाही झाल्याचे मला आठवत नाही.

लिलावात आपल्या कांद्याचा भाव दुसऱ्याने पुकारलेला आपण रोज ऐकतो, म्हणून ही गोष्ट देवळ्याला समजेल असे मला वाटले. येवल्यातही विणकरांच्या सहकारी संस्था निघाल्या आहेत. पण कच्चा माल आणि विक्री हाती नसलेली सहकारी संस्था म्हणजे नुसती पाटी. सरकारने रेशीम-जर थेट संस्थांना पुरवावी, तयार माल ठरल्या दराने उचलावा आणि मजुरी दिवसावर बांधून द्यावी, अशी मागणी येवल्याच्या विणकरांबरोबर आपणही केली पाहिजे. मुलीच्या लग्नाची पैठणी घ्यायला मनमाडवरून येवल्याला जाल तेव्हा दुकानदाराला भाव विचारालच. त्याबरोबर हा पदर किती दिवस मागावर होता आणि विणणाऱ्याला दिवसाचे काय पडले, हेही विचारा. दुकानात सांगितले नाही, तर मागची गल्ली दूर नाही.