संतानाची आशा आणि बीजाचा काळ



महोत्सवाच्या या सभेंत आम्हांस जो विषय नेमून दिला आहे तो चारचौघांत बोलण्याचा नव्हे, असें पुष्कळांस वाटेल. परंतु ज्याच्या अज्ञानामुळें कित्येक घरांत अश्रु ढाळले जातात, त्याविषयीं ख्रिस्ती सभेंत मौन धरणें यांत शालीनता थोडी व निष्काळजीपणा अधिक, असें आमचें मत आहे.

त्र्यंबकेश्वर हें गोदावरीच्या उगमाचें स्थान. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशीं, कुशावर्ताच्या कांठीं, वर्षभर दूरदूरचीं जोडपीं येतात. त्यांतील पुष्कळांचा हेतु संतानप्राप्ति हाच असतो, व त्यासाठीं तीं नारायणनागबळीचा तीन दिवसांचा विधि करवितात. तीच आस उरीं धरून आपलीं जोडपीं फेब्रुवारींत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेस जातात, आणि सप्टेंबरांत वांद्र्याच्या मोत माउलीस मेणाचें बाळ वाहतात. वाटा वेगळ्या, दुःख एकच. त्या दुःखाची कुचेष्टा आमच्याकडून कधीं न होवो. प्रार्थना करावीच; परंतु ज्या देहाची घडण ईश्वरानें केली त्या देहाचा क्रम जाणून घेणें हेंही प्रार्थनेस सोडून नाहीं.

हा क्रम प्रथम ज्यांनीं ओळखला त्यांत आपल्याच ख्रिस्तसभेचा एक धन्यवादित पुरुष आहे, हें फार थोड्यांस ठाऊक असेल. डेन्मार्कचे शरीरशास्त्रज्ञ निल्स स्टेनसन यांनीं शार्क जातीच्या माशांची चिरफाड करून १६६७ सालीं असें लिहिलें कीं, स्त्रीच्या पोटांतील ज्या दोन गांठींस तोंवर पुरुषग्रंथींचीच दुबळी प्रतिकृति समजत असत, त्या वस्तुतः माशांच्या अंडकोशांसारखे बीजाचे कोश होत. त्याच वर्षीं ते कॅथलिक झाले. १६७५ त धर्मगुरु व १६७७ त बिशप झाले. आणि १९८८ सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं त्यांस धन्यवादित म्हणून घोषित केलें. त्यांच्या मागोमाग, १६७२ त, हॉलंडांतील डेल्फ्टचे कॅथलिक वैद्य रेनिये द ग्राफ यांनीं त्या कोशांतील पाणीदार फोडांचें बारकाईनें वर्णन केलें. तो फोड म्हणजेच अंडें असा त्यांचा समज होता. आंत दडलेलें खरें बीज १८२७ त कार्ल फॉन बेअर यांस कुत्रीच्या देहांत सांपडलें. जें प्रत्येक आईच्या पोटांत होतें तें विद्वानांच्या दृष्टीस पडण्यास एवढा काळ लागला!

आतां त्या बीजाची हकीकत. बीजकोश दोन, प्रत्येक साधारण बदामाएवढा. त्यांत नवीं बीजें निर्माण होत नाहींत. मुलगी जन्मते तेव्हांच ती १० ते २० लाख बीजें घेऊन येते. वयांत येईतों तीं तीनचार लाख उरतात. आणि उभ्या आयुष्यांत पक्व होऊन बाहेर पडतात तीं सुमारें चारपांचशेंच. म्हणजे आज ज्या बीजापासून बाळ होतें, तें बाळाची आई आजीच्या उदरांत असतांनाच घडलेलें असतें. संत आन्नाच्या सणास आपण आजीबाईंचा मान करतों, त्यास शरीरशास्त्राचाही हा आधार आहे.

प्रत्येक बीजाभोंवतीं पेशींचें एक वेष्टन असतें. त्यास पुटक म्हणूं. दवाखान्यांत त्यालाच फॉलिकल म्हणतात. निजलेलें पुटक जागें होऊन पुरतें वाढावयास कित्येक महिने लागतात, आणि पाळीनंतर सोनोग्राफींत जी वाढ दिसते ती या प्रवासाचा केवळ शेवटचा टप्पा होय. त्या वेळीं बारीक बारीक पुष्कळ पुटकें एकदम वाढीस लागतात. मेंदूच्या तळाशीं असलेली एक ग्रंथि त्यांस रस पुरविते. थोड्याच दिवसांत एक पुटक पुढें सरतें, रसाचा पुरवठा आंखडतो, आणि उरलेलीं सुकून जातात. निफाडचा बागाइतदार द्राक्षाच्या घडांतील मण्यांची विरळणी करतो ती उरलेले मणी फुगावे म्हणून; येथें विरळणी देह स्वतःच करतो. पुढें गेलेलें पुटक रोज सुमारें २ मिलिमीटर वाढून १८ ते २४ मिलिमीटर झालें म्हणजे त्याच ग्रंथींतून दुसऱ्या रसाची एकाएकीं भरती येते, व भरती लागल्यापासून सुमारें ३६ तासांत पुटक फुटून बीज मोकळें होतें. कांहीं स्त्रियांत पुष्कळ पुटकें वाढूं लागतात खरीं, पण त्यांतील एकही शेवटास जात नाहीं. अशा वेळीं पाळी लांबते, व त्यावर औषध आहे.

मोकळें झालेलें बीज १२ ते २४ तासच टिकतें. पुरुषबीज मात्र अनुकूल स्थितींत पांच दिवसांपर्यंत जिवंत राहूं शकतें. या दोन आंकड्यांत सारें मर्म आहे. १९९५ त अमेरिकेंतील संशोधकांनीं २२१ स्त्रियांच्या पाळ्यांचा अभ्यास करून दाखविलें कीं, गर्भ राहतो तो बीज सुटण्याचा दिवस व त्याच्या आधींचे पांच, अशा सहा दिवसांतील सहवासानेंच. बीज सुटल्याची खात्री करून घेऊन मग भेटणारें दांपत्य उशिरां पोंचतें.

मग तो दिवस ओळखावा कसा? सुश्रुतानें ऋतुकाळ बारा रात्रींचा सांगितला. सम रात्रीं मुलगा व विषम रात्रीं मुलगी ही जुनी समजूत मात्र सर्वथा निराधार आहे. आजकाल जो तो चौदावा दिवस सांगतो. तोही सर्वांस लागू नाहीं. जपानचे वैद्य क्यूसाकू ओगिनो यांनीं १९२४ त दाखविलें कीं, मोजणी मागल्या पाळीपासून नव्हे, तर पुढल्या पाळीपासून उलट करावयाची. बीज सुटतें तें पुढली पाळी येण्यापूर्वीं १२ ते १६ दिवस. जिची पाळी ३५ दिवसांनीं येते तिचा दिवस एकविसाव्याच्या सुमारास येतो. चौदाव्याची वाट पाहणारीचे महिने फुकट जातात. शिवाय पुढली पाळी कधीं येईल हें आधीं कोण सांगणार? म्हणून नुसत्या पंचांगावर भिस्त ठेवूं नये.

१९५३ पासून ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न येथें डॉ. जॉन बिलिंग्ज यांनीं, व पुढें त्यांच्या पत्नी डॉ. एव्हलिन यांनीं, ख्रिस्तसभेच्या विनंतीवरून हा शोध चालविला, आणि खूण स्त्रीच्या स्वतःच्याच अनुभवांत आहे असें त्यांस आढळलें. पुटक वाढूं लागलें म्हणजे त्याच्या रसानें अंगावरचा स्राव बदलतो. तो कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा स्वच्छ, निसरडा, तार धरणारा होतो. तेच दिवस अनुकूल. जागतिक आरोग्य संघटनेनें पांच देशांत याची परीक्षा घेतली, त्यांत आपलें बंगळूरही होतें. १९८१ त प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताप्रमाणें शेंकडा ९० हून अधिक स्त्रियांस पहिल्याच महिन्यांत ती खूण ओळखतां आली. त्यास घड्याळ, पैसा वा इंग्रजी लागत नाहीं. याच ज्ञानानें योग्य कारणास्तव दोन बाळांतील अंतर राखतां येतें, हें बारावे पायस यांनीं १९५१ त व सहावे पॉल यांनीं १९६८ त मान्य केलें. पण आज आपला विषय पाळणा हलविण्याचा आहे, लांबविण्याचा नव्हे.

हें सारें आम्ही येथें सांगतों यास आणखी कारण आहे. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या बाजूचीं माणसें हंगामांत दिंडोरी-निफाडच्या बागांत कामास जातात. कित्येक पुरुष सातपूर-अंबडच्या कारखान्यांत राहतात. पति महिन्यांतून एकदां दोन दिवस घरीं यावा आणि ते दोन दिवस नेमके सहांच्या बाहेर पडावे, असें वर्षभर झालें तर गर्भ राहणार कसा? तरी बोल येतो तो सुनेवर. विहिरीवर तिला वांझ म्हणतात, बारशास तिला बोलवीत नाहींत, आणि कोणी शहाणा मुलाच्या कानांत दुसऱ्या लग्नाची गोष्ट घालतो. आपल्या घरांतून असें होत नाहीं, हें आम्हांस म्हणतां आलें असतें तर आनंद झाला असता. सुमारें निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचें कारण एकटें अथवा जोडीनें असतें, आणि त्याची तपासणी स्त्रीच्या तपासणीहून पुष्कळ सोपी. ख्रिस्तसभेचा कायदा, १९८३ च्या संहितेंतील १०८४ वें कलम, स्पष्ट सांगतो कीं वंध्यत्वानें विवाहास बाध येत नाहीं. मूल नसलेलें घरही संस्कारानें बांधलेलें पुरें घर आहे.

वर्षभर एकत्र राहूनही दिवस न राहिल्यास, व पत्नीचें वय ३५ च्या पुढें असल्यास सहा महिन्यांतच, डॉक्टरांकडे जावें. बीजनलिका बंद असणें, गर्भाशयाचा क्षय, हीं कारणें आपल्या देशांत विरळ नाहींत आणि प्रार्थनेच्या भरंवशावर तीं लपवून ठेवूं नयेत. पतिपत्नींच्या सहवासास साहाय्य करणारे उपचार ख्रिस्तसभेस मान्य आहेत. सहवासाची जागाच घेणारे उपचार नाहींत, हें रोमच्या १९८७ च्या आदेशांत सांगितलें आहे. तेथें मनांत घोळ असल्यास धर्मगुरूंस विचारावें. पुटक मोजणाऱ्या त्याच सोनोग्राफीच्या यंत्रापुढें मुलगा कीं मुलगी हें मात्र कोणीं विचारूं नये. १९९४ च्या कायद्यानें तो गुन्हा आहे, आणि ख्रिस्ती मनास तो कायद्याच्या आधींपासूनच गुन्हा असावा. जातांना मागल्या तीनचार पाळ्यांच्या तारखा लिहून न्याव्या, आणि पतीनें बाहेर बांकावर बसून न राहतां पत्नीबरोबर आंत जावें.