तपास आपणच करायचा



1888 सालचा नोव्हेंबर महिना. लंडनवर दाट धुकं. रीजन्सी नावाच्या नाट्यगृहामागच्या गल्लीत सारा कॅरोवे या तरुण नटीचा खून झाला आहे. व्हाइटचॅपल भागात 'जॅक द रिपर'ने गेल्या काही आठवड्यांत बायकांचे मुडदे पाडलेले, सगळं शहर धास्तावलेलं. त्यामुळे स्कॉटलंड यार्डच्या इन्स्पेक्टर लेस्ट्रेडने हाही खून त्याच्याच नावावर टाकून दिला आहे. शेरलॉक होम्सला ते पटत नाही. आता होम्सने कुठे जायचं, कुणाला काय विचारायचं, कोणती वस्तू उचलून पाहायची, हे कॉनन डॉयल ठरवत नाही. तुम्ही ठरवता.

हा 1992 सालचा कॉम्प्युटर गेम आहे, 'द लॉस्ट फाइल्स ऑफ शेरलॉक होम्स'. मायथॉस सॉफ्टवेअर या कंपनीने तो तयार केला आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने बाजारात आणला. हैदराबादेत, विद्यानगरमधल्या आमच्या घरी सध्या संध्याकाळी तो खेळला जातो. मी, माझा भाचा आणि वरच्या मजल्यावरची एक तेलुगू मुलगी, असे आम्ही तिघं एकाच पडद्यासमोर बसतो. भाचा मला मावशी म्हणतो, ती मुलगी आंटी म्हणते, आणि संशयितांवरचा वाद मराठी, तेलुगू आणि हैदराबादी हिंदीत एकदमच चालतो. गेममधली पात्रं तेवढी इंग्रजी बोलतात.

ज्यांनी असा गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. यात धावपळ नाही, गोळीबार नाही. पडद्यावर एका जागेचं चित्र असतं. कधी बेकर स्ट्रीटवरची खोली, कधी शवागार, कधी अत्तराचं दुकान, कधी दारूचा गुत्ता. खाली काही क्रियापदं मांडलेली असतात: पाहा, बोला, उचला, उघडा, वापरा. क्रियापद निवडायचं आणि चित्रातल्या वस्तूवर किंवा माणसावर माउसने क्लिक करायचं. वस्तूवर केलं तर होम्स तिच्याबद्दल काहीतरी सांगतो. माणसावर केलं तर संभाषण सुरू होतं आणि विचारता येतील असे प्रश्न समोर येतात. एखाद्याने नव्या जागेचं नाव घेतलं की ती जागा लंडनच्या नकाशावर उमटते. तोपर्यंत ती तुमच्यासाठी अस्तित्वातच नसते.

मला या गेमचा प्राण इथेच दिसतो. माहिती मिळाली की रस्ता उघडतो. बळ लागत नाही, बोटांची चपळाई लागत नाही. नीट विचारलं पाहिजे, नीट ऐकलं पाहिजे. आणि नवीन काही कळल्यावर जुन्याच माणसाकडे परत गेलं पाहिजे. काल ज्याने "मला काही ठाऊक नाही" म्हणून वाटेला लावलं, तोच आज हातात पुरावा घेऊन गेलं की बोलू लागतो. मुलांना हे पहिल्यांदा उमगलं तेव्हाचा त्यांचा आनंद पाहण्यासारखा होता.

या गेममधली एक सोय मला फार आवडते. होम्सबरोबर सतत डॉक्टर वॉटसन असतो आणि त्याची एक रोजनिशी असते. झालेलं प्रत्येक संभाषण तो तिच्यात टिपून ठेवतो. कधीही ती उघडा, मागची पानं वाचा, शब्द शोधा. तपास अडला की आम्ही रोजनिशी मोठ्याने वाचतो, आणि पुष्कळदा उत्तर तिथेच असतं. ऐकलेलं होतं, पण ऐकताना त्याचं महत्त्व कळलं नव्हतं. बेकर स्ट्रीटवर होम्सचं रसायनांचं टेबलही आहे. सापडलेल्या वस्तूची तिथे परीक्षा होते. ती गोष्टीला शोभा म्हणून ठेवलेली नाही, त्या परीक्षेच्या निकालावर पुढचा तपास चालतो.

विद्यानगर ज्यांना माहीत आहे त्यांना मी हे इतक्या तळमळीने का सांगते ते कळेल. उस्मानिया विद्यापीठाच्या कडेची ही वस्ती. शेजारी नल्लाकुंटा, अडिकमेट. घराघरांत विद्यार्थी भाड्याने राहतात. चिक्कडपल्लीच्या सिटी सेंट्रल लायब्ररीत नोकरीच्या परीक्षांची तयारी करणारी मुलं सकाळपासून जागा धरून बसतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यांच्यापुढे प्रश्न छापून येतो, खाली चार पर्याय येतात, आणि त्यांतला एक नक्की बरोबर असतो. कोणता प्रश्न विचारावा हेच शोधून काढायचं, असा सराव त्यांना कुठे मिळतो? या जुन्या तपासाच्या गेममध्ये तो मिळतो. प्रश्नांची यादी समोर असली तरी ती कशी वाढेल हे तुम्ही काय पाहिलं, कुठे गेलात, यावर ठरतं.

आपल्याकडे रहस्यकथेचं वेड नवं नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळा पहाड ही नावं आमच्या आधीच्या पिढीला घरच्या माणसांसारखी माहीत होती. भालबा केळकरांनी होम्स मराठीत आणला. त्या पुस्तकांनी कितीतरी घरांना वाचनाची गोडी लावली. पण पुस्तकात आपण कितीही तर्क लढवले तरी शेवटच्या पानावर गुप्तहेर उलगडा करतोच. आपण चुकलो काय, बरोबर निघालो काय, पान उलटत राहतं. या गेममध्ये पान आपोआप उलटत नाही. तुम्हाला दुवा सापडला नाही, तर होम्स त्या गल्लीत तसाच उभा राहील, उद्याही आणि परवाही.

या प्रकारच्या गेमचा इतिहास थोडक्यात सांगते. 1980 साली अमेरिकेत रॉबर्टा विल्यम्स या तरुण गृहिणीने ॲपल टू कॉम्प्युटरसाठी 'मिस्टरी हाउस' रचला. अगाथा ख्रिस्तीच्या धर्तीवर एक घर, त्यात एकामागून एक खून, आणि साध्या रेघांची चित्रं. पतीने प्रोग्राम लिहिला. तेव्हा माउस नव्हता, दोन शब्दांचा हुकूम टाइप करावा लागे. 1983 साली जपानमध्ये युजी होरी यांनी कोबे शहराच्या पार्श्वभूमीवर 'पोर्टोपिया' हा खुनाच्या तपासाचा गेम केला. जपानमध्ये त्यातून एक परंपराच उभी राहिली. 1985 साली मॅकिंटॉशवर 'देजा व्हू' आला. 1941 सालचं शिकागो, शौचालयात शुद्धीवर येणारा गुप्तहेर, त्याला स्वतःचं नावही आठवत नाही. तिथे टाइप करायची गरज उरली नाही, माउसने खिसे तपासायचे. पुढे 1987 साली रॉन गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांच्या 'मेनियाक मॅन्शन'ने क्रियापदं पडद्यावर मांडून टाइप करणं मोडीतच काढलं.

असे सगळेच गेम चांगले होते असं मी म्हणणार नाही. यांच्यातला वाईट प्रकार फार वाईट असतो. 1999 सालच्या 'गॅब्रिएल नाइट 3'मधलं एक कोडं बदनाम आहे. भाड्याने मोटरसायकल मिळवायची म्हणून नायकाला मित्राचं सोंग घ्यायचं असतं. त्यासाठी मांजराचे केस आणि मेपलचा पाक घेऊन खोटी मिशी तयार करायची. आणि ज्याचं सोंग घ्यायचं, त्या मित्राला मिशीच नाही! त्याच्या ओळखपत्रावरच्या फोटोवर मिशी काढायची, ती स्वतःला लावायची. याला तपास म्हणत नाहीत. लेखकाच्या डोक्यात काय होतं ते ओळखायचं, एवढंच उरतं. खरं वाईट याचं वाटतं, की जेन जेन्सन यांनी लिहिलेल्या या मालिकेतला 1993 सालचा पहिला गेम उत्तम आहे. चित्रातला चार ठिपक्यांएवढा कोपरा सापडेपर्यंत माउस फिरवायला लावणारे गेमही असेच कंटाळवाणे. तिथे पाहणं राहत नाही, नुसतं चाचपणं राहतं.

याउलट, सगळ्यांत श्रेष्ठ कोणता असं विचाराल तर मी 1997 सालच्या 'द लास्ट एक्स्प्रेस'चं नाव घेईन. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' करणाऱ्या जॉर्डन मेकनर यांचा हा गेम. 24 जुलै 1914, पॅरिसहून कॉन्स्टँटिनोपलला निघालेली ओरिएंट एक्स्प्रेस. पहिलं महायुद्ध दाराशी आलेलं. रॉबर्ट कॅथ हा तरुण अमेरिकन डॉक्टर गाडीत चढतो आणि मित्राच्या कंपार्टमेंटमध्ये जातो, तर तिथे मित्राचं प्रेत. पुढे गेममधलं घड्याळ थांबत नाही. तुम्ही जेवणाच्या डब्यात बसला असाल, त्याच वेळी मागच्या डब्यात दोन माणसं काही ठरवत असतात. तिथे नव्हता, तर ते बोलणं तुमच्या हातून गेलं. मग घड्याळ मागे फिरवून दुसऱ्या डब्यात जाऊन उभं राहायचं.

त्या गाडीत फ्रेंच, जर्मन, रशियन, सर्बियन उतारू आहेत आणि प्रत्येकजण आपल्या भाषेत बोलतो. कॅथला ज्या भाषा कळतात त्यांचाच अर्थ खाली लिहून येतो. काचीगुड्याहून किंवा सिकंदराबादहून मनमाडच्या दिशेने रात्रीच्या गाडीने गेलेल्या माणसाला हे लगेच ओळखीचं वाटेल. एका डब्यात तेलुगू, उर्दू, मराठी, मध्येच कन्नड. वरच्या बर्थवर पडून आपण ऐकत असतो. काही कळतं, काही निसटतं, आणि जे कळतं त्यातून माणसं उमगत जातात. आम्ही हैदराबादचे मराठी लोक पिढ्यान्‌पिढ्या असेच ऐकत आलो आहोत. म्हणून हा गेम इथल्या श्रोत्यांनी खेळावा असं मला फार वाटतं. बाजारात त्याला यश आलं नाही, आणि याची मला हळहळ वाटते.

असे गेम आज चालतील कसे, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. कॉम्प्युटर बदलले, जुने प्रोग्राम नव्या यंत्रावर उघडत नाहीत. 2001 साली लुडविग स्ट्रिगेउस आणि व्हिन्सेंट हॅम या दोघांनी 'स्कमव्हीएम' नावाचा मोफत प्रोग्राम सुरू केला. जगभरच्या स्वयंसेवकांनी तो वाढवला. जुन्या गेमची चित्रं, आवाज आणि संवाद मूळचेच राहतात, त्यांना चालवणारं यंत्र तेवढं नव्याने लिहिलेलं असतं. आमचा होम्सही त्याच्यावरच चालतो. इंग्लंडच्या रेव्होल्यूशन सॉफ्टवेअरने या मंडळींना आपला मूळ कोड दिला आणि 2003 साली 'बिनीथ अ स्टील स्काय' हा आपला 1994 सालचा गेम सगळ्यांसाठी मोफत केला. तो गुप्तहेराचा नाही, विज्ञानकथेचा आहे, पण सुरुवात करायला उत्तम. त्याच कंपनीचा 1996 सालचा 'ब्रोकन स्वोर्ड' मात्र पक्का तपासाचा. पॅरिसच्या कॅफेत बॉम्ब फुटतो आणि एक साधा प्रवासी तो फोडणाऱ्याच्या मागावर निघतो. या गेमचं संगीत बॅरिंग्टन फेलाँग यांचं आहे. 'इन्स्पेक्टर मोर्स' या दूरदर्शन मालिकेचं संगीतही त्यांचंच.

आता एक विनंती. सिकंदराबादच्या पार्क लेनवरून, चेनॉय ट्रेड सेंटरमधून, पुण्या-मुंबईच्या दुकानांतून पूर्वी आणलेल्या गेमच्या सीडी अजून अनेक घरांतल्या कपाटात असतील. त्या भंगारात देऊ नका. सीडी कालांतराने खराब होतात, म्हणून त्यांतल्या फाइल आताच कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि स्कमव्हीएमच्या यादीत तुमचा गेम आहे का ते पाहा. खेळायला बसाल तेव्हा घरातल्या मुलांना सोबत घ्या, आजी-आजोबांनाही घ्या, कारण माणसं ओळखण्यात त्यांचा हात कुणी धरत नाही. शेजारी एक वही ठेवा आणि कोण काय बोललं ते लिहून काढा. अडलात तर तयार उत्तरासाठी लगेच मोबाइल उघडू नका. एक रात्र जाऊ द्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच साक्षीदाराला पुन्हा जाऊन भेटा.