'वजन कमी कर' म्हणजे किती?

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



महिन्याभरापूर्वी इथल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांचा मला फोन आला. "डॉक्टर, पत्रिकेत 'पाळी' हा शब्द छापायचा, की नुसतं 'स्त्रियांचे आरोग्य' म्हणायचं?" मी म्हटलं, पाळीच छापा. त्यांनी छापला. आज समोर पुरुष बसलेले दिसताहेत, दोघातिघांनी मुलींना बरोबर आणलंय. त्या एका शब्दासाठी मी त्यांची ऋणी आहे.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते. बऱ्याच वर्षांपूर्वी बावीस वर्षांची एक मुलगी आईला घेऊन माझ्याकडे आली. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने लांबायची. हनुवटीवर राठ केस, मानेवर काळी पट्टी, वजन 74 किलो. आईच्या पिशवीत सोनोग्राफीचा रिपोर्ट. बाहेर पेशंटची रांग होती. मी रिपोर्ट पाहिला आणि म्हटलं, "पीसीओडी आहे. वजन कमी कर, पाळी आपोआप सुरळीत होईल." दोन मिनिटांत पुढच्या पेशंटला आत बोलावलं. ती मुलगी पुन्हा आली ती अकरा महिन्यांनी, वडिलांच्या आधाराने चालत. आठ महिने पाळी आली नव्हती. मग जी सुरू झाली ती वीस दिवस थांबली नव्हती. हिमोग्लोबिन 6 वर आलं होतं. मी विचारलं, अगं, मधे का नाही आलीस? ती म्हणाली, "वजन उतरलं नव्हतं. तुम्ही ओरडाल म्हणून आले नाही."

ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. रक्तदाबाची गोळी लिहिताना मी किती मिलिग्रॅमची, दिवसातून किती वेळा, किती दिवस, हे सगळं लिहिते. पुन्हा कधी दाखवायचं तेही लिहिते. मग 'वजन कमी कर' हे मी मात्रेशिवाय कसं सांगितलं? मात्रा नसलेला सल्ला घरी पोचेपर्यंत टोमणा होतो, आणि टोमण्याने कुणाची पाळी आलेली मी पाहिली नाही. म्हणून आज मला त्या मात्रेबद्दल बोलायचं आहे.

आधी पीसीओडी हा आजार काय आहे ते पाहू. 1935 साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांची हकिकत प्रसिद्ध केली. पाळी जवळजवळ बंद झालेली, अंडाशयं मोठी झालेली. त्यांनी अंडाशयाचा पाचरीसारखा तुकडा कापून काढला आणि सातही जणींची पाळी सुरू झाली. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं सगळ्यांचं लक्ष अंडाशयावरच खिळलं. आपल्याकडे आजही म्हणतात, "तिच्या अंडाशयावर गाठी आहेत." आया रडत येतात, गाठी म्हणजे कॅन्सर तर नव्हे ना! नाही हो. त्या गाठी नाहीतच. दर महिन्याला काही बीजकोश वाढू लागतात, त्यांतला एक पुढे जाऊन पिकतो आणि फुटतो. इथे ते बीजकोश काही मिलिमीटरवरच अडून राहतात. सोनोग्राफीत काळे ठिपके दिसतात ते हे अडलेले बीजकोश.

ते का अडतात? इथे इन्सुलिनचा संबंध येतो. आपण इन्सुलिन म्हटलं की मधुमेह आठवतो. पण या मुलींपैकी पुष्कळजणींच्या शरीरात स्नायू आणि यकृत इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड ते जास्त जास्त सोडत राहतं. स्नायू ऐकत नाहीत, अंडाशय मात्र ऐकतं. वाढलेल्या इन्सुलिनमुळे ते पुरुषी हार्मोन जास्त तयार करतं. त्या हार्मोनला रक्तात बांधून ठेवणारं एक प्रथिन यकृतात बनतं, तेही इन्सुलिनमुळे घटतं. मोकळं सुटलेलं हार्मोन हनुवटीवर केस आणतं, चेहऱ्यावर मुरुमं आणतं आणि बीजकोशाची वाढ अडवतं. बीज फुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही, आणि मग गर्भाशयाचं अस्तर नुसतं साचत जातं, वेळच्या वेळी गळून पडत नाही. ती मुलगी वीस दिवस रक्तस्राव होऊन आली ती यामुळे. असं साचणं वर्षानुवर्षं चाललं तर अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून पाळी लांबण्याकडे मी गंभीरपणे बघायला सांगते.

आणि मानेवरची ती काळी, मखमली पट्टी! किती आयांनी मुलींच्या माना दगडाने, बेसनाने, लिंबाने घासल्या आहेत. तो मळ नाही. रक्तात इन्सुलिन वाढलंय हे त्वचा सांगते आहे. मान घासू नका, पोरीची तपासणी करून घ्या.

पोटाभोवतीची चरबी इन्सुलिनला होणारा हा विरोध वाढवते, आणि वाढलेलं इन्सुलिन चरबी साठवायला मदत करतं. हे चक्र कुठून तरी तोडायचं, आणि वजन हे ते तोडायचं एक ठिकाण. आता मात्रेकडे येते.

1992 साली लंडनमधला एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. हा आजार असलेल्या 24 लठ्ठ स्त्रियांना सहा-सात महिने कमी उष्मांकाचा आहार दिला. 13 जणींचं वजन 5 टक्क्यांहून जास्त उतरलं. त्यांतल्या 11 जणींना पाळीची तक्रार होती आणि त्यांच्यापैकी 9 जणींना फरक पडला. पाच जणींना दिवस राहिले, इतरांची पाळी अधिक नियमित झाली. ज्यांचं वजन 5 टक्केही उतरलं नाही, त्यांच्यात पाळीची तक्रार असलेल्या आठांपैकी एकीलाच फायदा झाला. तीन वर्षांनी ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडहून अशीच बातमी आली. वजन जास्त आणि बीज फुटत नाही अशा स्त्रियांचा एक गट दर आठवड्याला जमायचा, व्यायाम करायचा, बोलायचा. सहा महिने टिकलेल्या 13 जणींचं वजन सरासरी 6.3 किलो उतरलं आणि 12 जणींचं बीज पुन्हा फुटू लागलं. अभ्यास लहान आहेत हे खरं. पण त्यानंतर जगभरच्या दवाखान्यांत हेच दिसत आलं आहे, मीही पाहिलं आहे.

यात एक गोष्ट फार मोलाची आहे. अ‍ॅडलेडच्या त्या स्त्रिया सहा किलो उतरल्यावरही सरासरीने लठ्ठच होत्या. कुणी सडपातळ झाली नव्हती. म्हणजे 74 किलोच्या मुलीला 55 वर यायला सांगायची गरजच नव्हती. तिची पहिली मात्रा 5 टक्के, म्हणजे पावणेचार किलोच्या आत. सहा महिन्यांत. महिन्याला साधारण सहाशे ग्रॅम. हे मी तिला तेव्हा सांगितलं असतं, तर ती दर महिन्याला आली असती.

बीजकोश पिकून फुटण्याच्या वाटेवर सुमारे तीन महिने असतो. म्हणून आज बदल केला आणि पुढच्या महिन्यात पाळी आली नाही, की "काही उपयोग नाही" म्हणून सोडू नका. तीन महिने तरी द्या. आणि विवाहित बायकांनो, हे नीट ऐका. वजन उतरू लागलं की पाळी येण्याच्या आधी बीज फुटू शकतं. "पाळीच येत नाही, मग दिवस कसे राहतील," या भरवशावर राहू नका. मूल नको असेल तर साधन वापरा.

आता स्वयंपाकघरात जाऊ. अमुक एकच आहार या आजारावर श्रेष्ठ आहे, असं सिद्ध झालेलं नाही. 2023 सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही तसं स्पष्ट म्हटलं आहे. त्यामुळे महागड्या डबाबंद पावडरी, परदेशी बिया यांच्या मागे लागू नका. आपलं ताट बघा. दोन-तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, वर भात आणि पातळ वरण. ताटात पिठूळ पदार्थच तीन झाले, आणि प्रथिन कुठे आहे ते शोधावं लागतं. एक पोळी किंवा भाकरी कमी करा, भात अर्धी वाटी घ्या आणि त्या जागी वाटीभर घट्ट उसळ, मुठीएवढी कोशिंबीर, पालेभाजी, ताक येऊ द्या. अंडी, मासे खाणाऱ्यांनी जरूर खावेत. दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे चहातूनच 40 ग्रॅम साखर झाली. शिवाय बरोबर खारी किंवा टोस्ट. तेवढं एक सुटलं तरी काटा हलतो.

उपवासाबद्दल बोलायलाच हवं. वजन उतरवायचं म्हणून मुली सोमवार, गुरुवार, चतुर्थी धरतात. दिवसभर उपाशी, संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे वेफर्स, वर गोड ताक. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. एकादशी दुप्पट खाशी, असं आपणच म्हणतो. श्रद्धेने उपवास करणाऱ्यांना मी अडवत नाही, भगर, दाणे, दही, फळ यांवर तो नीट करता येतो. पण उपासमारीने वजन उतरवू नका. फार कमी खाल्लं आणि झपाट्याने वजन पडलं, तर मेंदूच पाळी बंद करतो. म्हणजे जी आणायला निघालो तीच गेली.

व्यायामाची मात्रा म्हणाल तर वजनासाठी आठवड्याला किमान 250 मिनिटं भरभर चालणं, म्हणजे रोज पस्तीस-छत्तीस मिनिटं. आणि आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारं काही, बैठका, जोर, वजन उचलणं. मुलींना वजन उचलायला लावलं की आया घाबरतात, पोर पुरुषी दिसेल म्हणून. उलट आहे. काम करणारा स्नायू रक्तातली साखर उचलतो, इन्सुलिनची गरज घटते. काटा जागचा हलला नाही, तरी हा फायदा मिळतो. घरच्यांना माझी विनंती आहे, "सातनंतर बाहेर नको" असं म्हणून तिला अडवायचं असेल, तर तुम्ही तिच्याबरोबर चालायला जा.

घरच्यांशी अजून दोन शब्द. मुलीच्या पानात भाकरी आणि भावाच्या पानात श्रीखंड, असं चालणार नाही. ताट बदलायचं तर घराचं बदलतं. पाहुण्यांसमोर "हिला आता लग्नाआधी बारीक व्हायचंय" म्हणणं थांबवा. या आजारात उदासी आणि चिंता मुळातच जास्त आढळते, त्यावर आपण मीठ चोळतो. आणि "लग्न झालं की सगळं ठीक होतं" हे तर साफ खोटं आहे. लग्नाने इन्सुलिन कमी होत नाही.

आता ज्या मुली बारीक आहेत त्यांच्याबद्दल. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने 15 ते 24 वयाच्या मुलींची पाहणी केली. निकष कोणते लावता त्यानुसार दहा ते बावीस टक्के मुलींमध्ये हा आजार सापडला, आणि त्यांतल्या बहुसंख्य मुली लठ्ठ नव्हत्या. आपल्या पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांच्याबरोबर 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचं एक छायाचित्र छापलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, एकच, 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. भारतीय शरीर काट्यावर हलकं दिसतं आणि आत चरबी बाळगतं. म्हणून काट्याबरोबर टेपही वापरा. आपल्या बायकांची कंबर 80 सेंटिमीटरच्या वर गेली की सावध व्हायचं. ज्या मुलीचं वजन आणि कंबर दोन्ही ठीक आहेत, तिला वजन उतरवायला सांगू नका. तिने व्यायाम करावा, पोटभर चांगलं जेवावं, आणि उपचार दुसरे घ्यावेत.

हेही सांगते की वजन उतरूनही सगळ्यांची पाळी सुरळीत होत नाही. आणि उतरलेलं वजन परत आलं तर पाळीही पुन्हा बिघडू शकते. हा जन्माची सोबत करणारा कल आहे. थायरॉइड, प्रोलॅक्टिन तपासायला हवं, कारण पाळी लांबण्याची कारणं आणखीही असतात. पाळी सुरू होऊन आठ वर्षं झाली नसतील, तर केवळ सोनोग्राफी बघून मुलीवर हा शिक्का मारू नये, त्या वयात असे ठिपके निरोगी मुलींतही दिसतात. उपचारांत मेटफॉर्मिनची गोळी आहे, हार्मोनच्या गोळ्या आहेत, आता वजनाची इंजेक्शनंही आली आहेत. गरज असेल तिथे मी त्या देते आणि घेणाऱ्या मुलीला अपराधी वाटू देत नाही.

त्या मुलीचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचाराल. रक्त चढवलं, गोळ्यांनी अस्तर सावरलं. मग कागदावर मात्रा लिहून दिली. सात महिन्यांत ती 70 वर आली आणि पाळी 38 ते 40 दिवसांवर. तिचं वजन आजही 70 च्या आसपास आहे.

घरी गेल्यावर दिनदर्शिकेवर पाळीच्या तारखेभोवती गोल काढायला सुरुवात करा. मुलीलाही शिकवा. दोन पाळ्यांमध्ये 35 दिवसांहून जास्त अंतर वारंवार पडत असेल, वर्षात आठपेक्षा कमी गोल दिसले, तर दाखवा. आणि सलग तीन महिने गोल काढायला मिळाला नाही तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा. वजन उतरलेलं असो वा नसो, तसेच जा.