वळिवाचें आभाळ आणि बिनतारीचे हौशी

चैत्राची पालवी फुटली आणि रंकाळ्याच्या कांठीं संध्याकाळची गर्दी वाढूं लागली, कीं कोल्हापुरांतील रसिकाला घराबाहेरची ओढ लागते. कोणी पन्हाळ्याची वाट धरतो, कोणी जोतिबाच्या डोंगराची. ह्याच दिवसांत एका निराळ्या छंदाचा मनुष्यहि पाठीवर पेटी, काखेंत नळ्या आणि हातांत तारेचें भेंडोळें घेऊन डोंगर चढत असतो. हा बिनतारीचा हौशी चालक होय. सरकारी परीक्षा देऊन व परवाना घेऊन तो आपल्या लहानशा यंत्रानें दूरदूरच्या समानशील माणसांशीं बोलतो. उंच जागेवरून आवाज अधिक दूर पोंचतो, म्हणून त्याला डोंगर हवा असतो.

हा छंद केवळ करमणुकीचा नव्हे. २६ डिसेंबर २००४ रोजीं अंदमानावर समुद्र चालून आला, त्या वेळीं भारती प्रसाद ह्यांच्या नेतृत्वाखालीं गेलेली हौशी चालकांची तुकडी पोर्ट ब्लेअरला होती. तार-टेलिफोन बंद पडले असतां तिच्या यंत्रांवरून कित्येक कुटुंबांस आपल्या माणसांची खुशाली कळली. कोल्हापुरास ह्या गोष्टीचें मोल निराळें सांगावयास नको. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशीं ४३ फूट धरतात. २०१९ व २०२१ ह्या दोन्ही वर्षीं पाणी ५५ फुटांच्या वर गेलें, आणि गांवेंच्या गांवें वेढलीं गेलीं. अशा प्रसंगीं उपयोगीं पडणाऱ्या माणसाला सराव पाहिजे, आणि सरावाचा काळ म्हणजे पावसाळ्यापूर्वींचे हे दोन-तीन महिने. तालमीवांचून आखाड्यांत उतरूं नये, हें कोल्हापूरकर जाणतात.

परंतु ज्या उंचीमुळें आवाज दूर जातो, तीच उंची विजेलाहि जवळची असते. चैत्र-वैशाखांत सकाळ निरभ्र असते, दुपारीं माती तापते, ऊन हवा वर चढते आणि तिसऱ्या प्रहरीं पाहतां पाहतां काळे ढग उभे राहतात. हाच वळीव. त्याचा पहिला थेंब पडण्याच्या आधींहि वीज पडूं शकते, कारण ढगापासून दहा किलोमीटर दूर, कोरड्या जमिनीवरहि, ती येऊन आदळते. माथ्यावर उभा केलेला एरियलचा खांब तिला सर्वांत सोयीचा.

हा धडा फार जुना आहे. १७५३ सालीं रशियांतील सेंट पीटर्सबर्ग येथें रिखमान नांवाचे शास्त्रज्ञ छपरावरून घरांत आणलेल्या लोखंडी सळईनें ढगांतील वीज मोजूं पाहत होते. सळई जमिनीशीं जोडलेली नव्हती. वीज तिच्यांतून उतरली आणि जवळ उभ्या असलेल्या रिखमान ह्यांचा प्राण गेला. बाहेरील तार घरांतील यंत्रापर्यंत आणणारा प्रत्येक जण त्यांच्याच जागीं उभा असतो.

उपाय अवघड नाहींत. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंत सेकंद मोजावे. ध्वनीला एक किलोमीटर जावयास सुमारें तीन सेकंद लागतात. तीस सेकंदांच्या आंत आवाज आला, तर संभाषण तेथेंच थांबवून पक्क्या इमारतींत किंवा बंद मोटारींत जावें, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडूं नये. झाडाखालीं, उघड्या मंडपांत वा माथ्यावर थांबूं नये. गडगडाट सुरू झाल्यावर एरियलची तार सोडावयास धांवणें हें सर्वांत वाईट. ती आधींच, ढग दिसतांच, काढून ठेवावयाची असते. अर्थिंग चांगलें असावेंच, परंतु तें आहे म्हणून वळिवांत खांबापाशीं बसणें हें शहाणपण नव्हे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनें तयार केलेलें ‘दामिनी’ हें मोबाईलवरील साधन जवळपासच्या विजेची सूचना देतें. तेंहि निघतांना पाहावें.

दुसरें भय ढगांतलें नव्हे, तारांतलें. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या यात्रेंत उंचच उंच सासनकाठ्या नाचतात. चहूंबाजूंच्या दोऱ्यांवर माणसें ताण धरून असतात म्हणूनच त्या तोलल्या जातात. एक दोरी ढिली पडली कीं काठी कलते. एरियलच्या खांबाचेंहि तसेंच आहे. तो एकट्यानें उभारूं नये. प्रत्येक ताणावर एक मनुष्य असावा, आणि एकानें फक्त वर पाहावें. विजेच्या तारांपासून खांबाच्या उंचीच्या दीडपटीहून अधिक अंतर ठेवावें, म्हणजे तो कोसळला तरी तारेला लागणार नाहीं. एकादी तार विजेच्या तारेवर अडकलीच, तर ती ओढूं नये. दूर होऊन वीज मंडळास कळवावें.

डोंगराचे इतर धोके थोडक्यांत. गडाच्या कड्यांना व झाडांना आग्या मोहोळें असतात. तेथें धूर करूं नये, आणि माशा उठल्या तर हात न झाडतां तोंड झांकून दूर पळावें. दगड उलथतांना फुरशाची आठवण ठेवावी. पाणी भरपूर न्यावें, आणि भर दुपारीं खांबावर चढूं नये.

एकाद्यावर वीज पडलीच, तर त्याला शिवण्यास भिऊं नये. शरीरांत वीज सांठून राहत नाहीं. श्वास व नाडी थांबली असेल तर तत्काळ छाती दाबण्यास आरंभ करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. तत्परतेनें केलेल्या ह्या उपचारानें माणसें वांचलीं आहेत.

ढग पाहून खांब उतरविणाऱ्याचे त्या दिवशींचे दोन-चार संवाद बुडतात, सोबती हंसतातहि. परंतु आषाढ-श्रावणांत पंचगंगा पात्र सोडून बाहेर येईल आणि कोण्या वेढलेल्या गांवांतून क्षीण हांक येईल, त्या रात्रीं ती ऐकावयास तो जागेवर असला पाहिजे. वैशाखांत वेळीं उतरविलेला खांबच श्रावणांत उपयोगीं पडतो.